घर आणि जंगल यांच्या सीमेवरील कीटक : विदर्भातील टसर पाळणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

रेशीम म्हटले की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर तुतीची पाने, बांबूची तबके आणि चीन देश उभा राहतो. तुतीवर वाढणारा रेशीमकिडा हजारो वर्षांच्या पाळणीमुळे पूर्णतः माणसावर अवलंबून झाला आहे. त्याच्या पतंगाला पंख असतात, पण उडता येत नाही. भारतीय उपखंडात मात्र रेशमाची दुसरी एक परंपरा आहे. ती येथील जंगलांत मूळच्या असलेल्या पतंगांची आहे. टसर, मुगा आणि एरी ही तिची तीन प्रमुख रूपे होत. यांपैकी एरीचा किडा एरंडाच्या पानांवर घरातच पाळला जातो. आसामातील अनेक घरांत तो गृहस्थीचा भाग आहे. मुगा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उघड्या झाडांवर वाढतो. टसर मध्य भारताच्या पानझडी जंगलांतला आहे. महाराष्ट्रात त्याचे मुख्य क्षेत्र म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे होत.

टसरचा पतंग धड घरचाही नाही आणि धड रानचाही नाही. त्याचे बियाणे घरात जपले जाते, मीलन घराच्या ओसरीत घडते, अंडी घरात उबतात, परंतु अळी मात्र ऐनाच्या झाडावरच वाढते. या दुहेरी जीवनक्रमामुळे टसरच्या इतिहासाला दोन बाजू प्राप्त झाल्या आहेत. एकीकडे या किड्याला पूर्णतः माणसाच्या आवारात आणण्याचे एकोणिसाव्या शतकातील प्रयत्न आहेत, तर दुसरीकडे ज्या जंगलावर ही पाळणी अवलंबून आहे त्या जंगलावरील हक्काचा प्रश्न आहे. या दोन्ही बाजूंचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. टसर रेशमाच्या प्राचीनतेचा, विशेषतः महाराष्ट्राच्या संदर्भात, आढावा घेणे.
२. पारंपरिक पाळणीतील घर आणि जंगल यांची श्रमविभागणी समजून घेणे.
३. वसाहतकालीन प्रयोगांच्या मर्यादांची कारणे शोधणे.
४. वनकायद्यांचा टसरपाळक समाजावर झालेला परिणाम व त्यातून निर्माण झालेला पुराव्याचा प्रश्न मांडणे.

प्राचीन संदर्भ

भारतातील रेशीम चीनमधूनच आले, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. इ.स. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याला मोठा धक्का दिला. हडप्पा आणि चान्हुदडो येथील उत्खननांत मिळालेल्या दागिन्यांवर व मण्यांत अडकून राहिलेल्या तंतूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्यात आली. तेव्हा ते रानटी रेशीमपतंगांचे तंतू असल्याचे दिसून आले. त्यांचा काळ इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धाच्या आसपासचा आहे. म्हणजे सिंधू संस्कृतीच्या लोकांना देशी पतंगांच्या कोशांपासून धागा काढता येत होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने नेवासा येथील पुरावा महत्त्वाचा ठरतो. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील या स्थळी डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन दफनात एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली आणि त्या मण्यांच्या छिद्रांत टिकून राहिलेल्या धाग्यात रेशीम असल्याचे तज्ज्ञांनी नोंदविले. तांब्याच्या क्षारांमुळे तो धागा कुजण्यापासून वाचला. मृत बालकाला दिलेल्या या माळेवरून दख्खनच्या पठारावर रेशमाचा वापर तीन हजार वर्षांहून जुना असल्याचे सूचित होते.

वाङ्मयीन पुराव्यांत कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा उल्लेख करावा लागतो. त्यात 'कौशेय' आणि 'पत्रोर्ण' अशा दोन संज्ञा येतात. पत्रोर्ण म्हणजे पानांवरची लोकर. मगध, पुंड्र आणि सुवर्णकुड्य येथील पत्रोर्णाची नोंद करताना नाग, लिकुच, बकुल आणि वट या झाडांची नावे दिली असून झाडागणिक धाग्याचा रंग बदलतो, असेही सांगितले आहे. तुतीचा उल्लेख तेथे नाही. पानांवरून गोळा केलेले आणि झाडानुसार रंग बदलणारे हे रेशीम रानटी पतंगांचेच असले पाहिजे, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळतो.

भाषेनेही ही स्मृती जपली आहे. 'कोश' या शब्दापासून विदर्भात 'कोसा' हा शब्द रूढ झाला. तो कोशालाही लागू पडतो आणि त्यापासून विणलेल्या कापडालाही. मराठीतील 'कोसला' हा शब्दही याच अर्थाचा. 'टसर' या शब्दाचा संबंध 'त्रसर', म्हणजे विणकराचा धोटा, या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. एका शब्दाचे मूळ किड्याच्या घरात, तर दुसऱ्याचे मागावर आहे.

पाळणीची पद्धती : घराचा वाटा आणि जंगलाचा वाटा

टसरचा जीवनक्रम समजल्याशिवाय त्याचा सामाजिक इतिहास समजणे अवघड आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात ही पाळणी प्रामुख्याने ढिवर समाजाने केली. मासेमारी हा या समाजाचा मूळ व्यवसाय. नदी-तलावांवरील मासेमारी आणि पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंतची टसर पाळणी अशी त्याच्या उपजीविकेची सांगड होती.

शेवटच्या पिकातील निवडक कोश बियाण्यासाठी राखून ठेवले जातात. त्यांच्या माळा करून त्या घरातील थंड व हवेशीर जागी टांगल्या जातात. कोशाच्या आत प्रावरणावस्थेतील कीटक संपूर्ण हिवाळा आणि उन्हाळा निद्रिस्त राहतो. पावसाच्या आगमनाबरोबर हवेत ओलावा येतो आणि सायंकाळी पतंग कोशाबाहेर पडू लागतात. मादी मोठी, पिवळसर किंवा करड्या रंगाची असते, तर नर तुलनेने लहान व बहुधा तांबूस असतो. दोघांच्याही चारही पंखांवर डोळ्यांसारखे पारदर्शक ठिपके असतात. प्रौढ पतंग काहीही खात नाही. त्याचे आयुष्य जेमतेम आठवडाभराचे असते आणि तेवढ्या अवधीत पुढच्या पिढीची तजवीज व्हावी लागते.

मीलन रात्री होते. येथेच पाळणाऱ्याची पहिली कसोटी असते. कोंडलेल्या जागेत नर अस्वस्थ होतो, पंख आपटून घेतो आणि बऱ्याचदा मादीकडे वळत नाही. वारा लागेल अशा ओसरीत किंवा अंगणात मात्र मीलन सुलभ होते. मादीच्या गंधाने दूरचा नर आकर्षित होत असल्यामुळे जवळच्या जंगलातील रानटी नरही तिथवर येऊ शकतो. पाळीव आणि रानटी वंशाचा संबंध त्यामुळे कधीच पूर्णपणे तुटला नाही.

एक मादी साधारणतः १५० ते २५० अंडी घालते. आठ-दहा दिवसांनी सकाळच्या वेळी त्यांतून अळ्या बाहेर पडतात. येथे घराचा वाटा संपतो. पानांच्या द्रोणातून अळ्या जंगलात नेऊन ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या कोवळ्या फांद्यांवर सोडल्या जातात. पावसाळी पिकात अळीचा काळ सुमारे महिना-सव्वा महिन्याचा असतो; थंडीच्या पिकात तो बराच लांबतो. या काळात ती चार वेळा कात टाकते. एका झाडाची पाने संपली की अळ्यांसह फांदी कापून दुसऱ्या झाडावर ठेवावी लागते. मुंग्या, गांधीलमाश्या, ढेकूणवर्गीय कीटक, सरडे आणि पक्षी हे सारे टपलेलेच असतात. म्हणून पाळणारा दिवसभर गलोल घेऊन झाडांखाली राखण करतो आणि रात्रीही जंगलातील खोपट सोडत नाही. शेवटी अळी फांदीला चिवट देठ बांधून त्याला लोंबणारा, अंड्याच्या आकाराचा टणक कोश विणते. देठासह तो उतरवून घरी आणला की पुन्हा घराचा वाटा सुरू होतो.

पाळणीच्या काळात सोवळेपणाची अनेक पथ्ये पाळण्याची रीत मध्य भारतातील टसरपाळकांत सर्वत्र आढळते. मांसाहार वर्ज्य करणे, ब्रह्मचर्य पाळणे, परक्या माणसाला झाडांजवळ येऊ न देणे, ही त्यांपैकी काही. वसाहतकालीन अधिकाऱ्यांनी या पथ्यांना बहुधा अंधश्रद्धा म्हटले. तथापि परक्याला दूर ठेवण्याच्या नियमामुळे रोगाचा प्रसार मर्यादित राहण्यास मदत झाली असणे शक्य आहे. या पथ्यांचा धार्मिक आशय नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांच्यात अनुभवातून आलेले शहाणपणही आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

कोश उकळून धागा काढण्याचे काम परंपरेने स्त्रियांचे राहिले. राखेच्या पाण्यात कोश शिजवून मऊ करायचे आणि अनेक कोशांचे तंतू एकत्र घेऊन मांडीवर वळायचे, ही पद्धत अगदी अलीकडेपर्यंत प्रचलित होती. तिच्यामुळे स्त्रियांच्या त्वचेला इजा होत असे. गेल्या दशकात केंद्रीय रेशीम मंडळाने या पद्धतीऐवजी साधी कताई-यंत्रे देण्याची मोहीम हाती घेतली. धागा पुढे कोष्टी विणकरांच्या मागावर जाई. त्यातून सोवळ्यात नेसायचे मुकटे आणि करवती किनारीच्या साड्या तयार होत. करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी ही किनार तीन धोट्यांच्या साहाय्याने विणली जाते. या वस्त्राला पुढे भौगोलिक निर्देशांकही प्राप्त झाला. देवघरात पवित्र मानल्या गेलेल्या या वस्त्राचा पहिला धागा ढिवरांच्या खोपटातून आणि त्यांच्या स्त्रियांच्या श्रमातून निघत होता. वस्त्राला मिळालेली प्रतिष्ठा मात्र त्या श्रमांच्या वाट्याला क्वचितच आली.

वसाहतकालीन जिज्ञासा आणि पुण्यातील प्रयोग

युरोपीय अभ्यासकांपैकी विल्यम रॉक्सबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात बंगालमधील टसर व एरी किड्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. दख्खनसंबंधीची महत्त्वाची नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून त्यांनी दख्खनचे सर्वेक्षण केले. येथील रानटी रेशीमकिड्यावर त्यांनी १८३० च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीसाठी लेख लिहिला. त्याचे स्थानिक नाव त्यांच्या इंग्रजी लेखनात 'कोलिसुरा' अशा वळणाने आले आहे. बोर, ऐन आणि साग या झाडांवर हा किडा वाढतो, असे त्यांनी नोंदविले. विशेष म्हणजे मराठे लोक या कोशाच्या चिवट पट्ट्या कापून तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला बांधण्यासाठी वापरत, असाही उल्लेख त्यांच्या माहितीत येतो. कातड्यापेक्षाही हे बंधन टिकाऊ असे. पश्चिम महाराष्ट्रात रानातील कोश लोकांना परिचित होता, पण त्याचा मुख्य उपयोग विणकामासाठी नव्हता. विदर्भात मात्र त्याच पतंगाभोवती पाळणी, कताई आणि विणकाम यांची पूर्ण साखळी उभी राहिली. हा फरक लक्षणीय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातील रेशीम उद्योगावर मोठे संकट कोसळले. पेब्रीन या रोगाने फ्रान्स आणि इटलीतील तुती-रेशीम उद्ध्वस्त होऊ लागले. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून या रोगाचा अभ्यास केला आणि अंडी घातल्यानंतर मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून रोगमुक्त अंडीच राखण्याची पद्धत घालून दिली. संकटाच्या या काळात भारतातील रानटी रेशमांकडे साम्राज्याचे लक्ष वळले. जे. जिओगन यांनी १८७२ मध्ये भारतातील रेशमाचा विस्तृत आढावा सरकारसाठी तयार केला. इंग्लंडमधील लीक येथील रंगारी थॉमस वॉर्डल यांनी टसरवर रंग चढविण्याची अडचण दूर केली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे नमुने मांडले. टसरला युरोपात मागणी निर्माण झाली आणि नियमित पुरवठ्याचा प्रश्न पुढे आला.

याच पार्श्वभूमीवर १८७० च्या दशकात मेजर कौसमेकर या लष्करी अधिकाऱ्याने पुण्यात टसर पाळण्याचे प्रयोग केले. पुण्यात रेशमाचे प्रयोग नवे नव्हते. १८३० च्या दशकात मुट्टी नावाच्या इटालियन गृहस्थाने तेथे सरकारी मदतीने तुती-रेशमाचा प्रयत्न केला होता. तो टिकला नाही. कौसमेकर यांचा प्रयत्न मात्र देशी पतंगाविषयी होता. जंगलातून कोश मिळवायचे, पतंग आपल्या देखरेखीखाली जुळवायचे, अळ्यांना आवारात खाद्य द्यायचे आणि हा कीटक पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या ताब्यात ठेवता येतो का ते पाहायचे, असे त्याचे स्वरूप होते. त्यांची निरीक्षणे मोलाची ठरली. वॉर्डल यांनी आणि नंतरच्या लेखकांनी त्यांचा आधार घेतला. परंतु या प्रयोगांतून पश्चिम महाराष्ट्रात टसरचा व्यापारी उद्योग उभा राहिला नाही.

या मर्यादेची कारणे किड्याच्या स्वभावात शोधावी लागतात. तोडलेली पाने लवकर सुकतात आणि टसरची अळी सुकलेले पान टाळते. तुतीच्या अळ्या तबकात दाटीने राहतात. टसरची अळी मात्र फांदी सोडून भटकते. बंदिस्त जागेत मीलनाचे प्रमाण घटते आणि दाटीमुळे रोग पसरतो. या साऱ्यावर मात करायची तर मजुरी इतकी वाढते की कोशाची किंमत तिला पुरत नाही. ढिवर पाळक हा खर्च जंगलाकडून वसूल करीत होता; ताजे पान, मोकळी हवा आणि विरळ वस्ती त्याला झाडच पुरवीत होते. म्हणून घर आणि जंगल यांची जी वाटणी पारंपरिक पाळणीत दिसते ती मागासलेपणाची खूण नव्हती. त्या कीटकाला मानवेल अशी ती सर्वांत काटकसरीची व्यवस्था होती. प्रयोगशील अधिकाऱ्यांनी किड्याचे निरीक्षण बारकाईने केले. ज्या व्यवस्थेत तो टिकला होता तिला मात्र त्यांच्या लेखनात दुय्यम स्थान मिळाले.

वनकायदे आणि टसरपाळक

किडा घरात येत नाही, हे एकदा सिद्ध झाले की जंगल कोणाचे हा प्रश्न अटळ ठरतो. १८६५ चा पहिला वनकायदा, १८७८ चा अधिक कठोर कायदा आणि १९२७ चा भारतीय वन कायदा यांनी जंगलावरील सरकारी मालकी क्रमाने घट्ट केली. टसरपाळकाला ऐनाचे झाड आखूड आणि कोवळ्या फुटव्याचे हवे असते. त्यासाठी तो फांद्या छाटतो. वनखात्याला तेच झाड उंच, सरळ आणि इमारती लाकडाच्या मोलाचे हवे होते. एकाच वृक्षाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी परस्परविरोधी होत्या. छाटणी हा नुकसानीचा प्रकार ठरू लागला आणि पिढीजात वहिवाट परवानगीवर अवलंबून राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने केंद्रीय रेशीम मंडळाची तरतूद झाली. १९६४ मध्ये रांची येथे टसरसाठी केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. महाराष्ट्रात १९९७ मध्ये नागपूर येथे स्वतंत्र रेशीम संचालनालय स्थापन झाले. पाश्चर यांच्या पद्धतीने तपासलेले रोगमुक्त अंडीपुंज पाळकांना मिळू लागले आणि पिकाची शाश्वती वाढली. मात्र त्याबरोबर 'डाबा' या छोटा नागपूर भागातील वाणाचा प्रसार झाला. 'भंडारा' या नावाने ओळखला जाणारा स्थानिक वाण शास्त्रीय वाङ्मयात नोंदला गेला असला, तरी त्याचे जतन हा चिंतेचा विषय आहे. घराघरांत टांगलेल्या कोशांच्या माळांनी जी विविधता नकळत राखली होती, ती केंद्रातून येणाऱ्या बियाण्याने आपोआप राखली जात नाही.

हक्काच्या दृष्टीने २००६ चा वनहक्क कायदा हा निर्णायक टप्पा आहे. या कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर आणि कोश यांचा स्पष्ट नामनिर्देश आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ही घटना सर्वश्रुत आहे. परंतु ढिवर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत नसून भटक्या जमातींच्या प्रवर्गात मोडतो. म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो. या वर्गाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनातील वास्तव्य आणि वनावरील अवलंबन दाखवावे लागते. दुसऱ्या शब्दांत, दावेदाराला १९३० पर्यंत मागे जावे लागते.

ज्या समाजाची पाळणी खोपटात, पानांच्या द्रोणांत आणि तोंडी परंपरेत चालली, त्याने १९३० चा कागद कोठून आणावा? येथे इतिहासाच्या साधनांना व्यवहारात मोल प्राप्त होते. या कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल यांसारखी शासकीय कागदपत्रे आणि गावातील वयोवृद्धांचे लेखी निवेदन यांना स्थान आहे. चांदा आणि भंडारा जिल्ह्यांसंबंधीच्या वसाहतकालीन लेखनात टसर उद्योगाच्या नोंदी आहेत. महसुलाच्या आणि व्यापाराच्या हेतूने केलेल्या या नोंदी आज वंशजांच्या हक्काला आधार देऊ शकतात. पण त्या इंग्रजीत आहेत, जिल्ह्याच्या पातळीवरच्या आहेत आणि गावागावांची नावे त्यांत क्वचितच सापडतात. जिल्ह्याचा इतिहास आणि गावाचा दावा यांमधील हे अंतर वयोवृद्धांच्या साक्षीनेच भरून निघू शकते, आणि अशा साक्षी देणारी पिढी वेगाने कमी होत आहे.

निष्कर्ष

१. हडप्पा, चान्हुदडो व नेवासा येथील पुरावे आणि अर्थशास्त्रातील पत्रोर्णाचा उल्लेख पाहता रेशमाच्या वापराची भारतीय परंपरा प्राचीन असून तिच्यात देशी पतंगांचा वाटा मोठा आहे.
२. टसर पाळणीत बियाणे, मीलन व उबवण घराकडे आणि अळीची वाढ जंगलाकडे अशी वाटणी आहे. ती कीटकाच्या स्वभावाला अनुरूप आहे.
३. पुण्यातील प्रयोगांतून व्यापारी उद्योग उभा राहिला नाही. या कीटकाला जंगलापासून तोडणे किफायतशीर नव्हते, हे त्यामागील मुख्य कारण दिसते.
४. वनकायद्यांनी पाळकाचा जंगलातील वाटा संकुचित केला. २००६ च्या कायद्याने तो मान्य केला, परंतु ढिवरांसारख्या समाजावर पुराव्याचा भार अधिक पडला.
५. वैनगंगेच्या खोऱ्यातील महाविद्यालयांनी टसरपाळक गावांतील वयोवृद्धांच्या साक्षी तारीख, स्थळ व झाडांच्या खुणांसह नोंदवून ठेवणे तातडीचे आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना आणि ग्रामसभांना त्या नोंदी सारख्याच उपयोगी पडतील.